माळ्यावरची दिवाळी

आज वसुबारस. घराघरांतली झाडलोट एव्हाना उरकत आली असेल. जळमटे निघाली, पितळी भांडी चिंचेने लखलखली आणि रद्दीवाल्याचा तराजूही दाराशी येऊन गेला असेल. नव्याला जागा हवी म्हणून जुने बाहेर काढायचे, हा दिवाळीचा रिवाजच आहे. त्या जुन्यात फुटक्या बरण्या असतात, मोडक्या खुर्च्या असतात आणि बहुतेक घरांत सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठेही असतात. ज्या सणाने हे अंक एके काळी फराळाच्या ताटाशेजारी आणून ठेवले, त्याच सणाच्या साफसफाईत ते आता किलोवर जातात. कित्येक वर्षे हे असेच चालले आहे आणि आपण त्याकडे फारसे पाहिलेले नाही. यंदा पाहावे असे वाटते. कारण हे गठ्ठे ज्यांनी बांधून ठेवले ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्यामागे ती सुतळी सोडून आत डोकावणारे कोणी असेल, अशी खात्री उरलेली नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळचे विशेषांक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मराठी माणसाने मात्र ती कल्पना इतकी आपलीशी केली की दोन पिढ्यांत अंकावाचून दिवाळी अपुरी वाटू लागली. पुढे ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ आले, ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ आले. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि मुखपृष्ठ भिंतीवर लावण्याजोगे असते हे घराघरांना कळले. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ अशी तीन वेगवेगळ्या चवींची मासिके एकाच टेबलावरून चालवली. मधुकर पाटकरांच्या, 1951 मध्ये सुरू झालेल्या ‘आवाज’ने खिडकीचित्रांची गंमत आणली. ज्या घरात वर्षभर पुस्तक विकत घेतले जात नसे, त्या घरातही दिवाळीला एखादा अंक यायचाच. अंक आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून भांडणे व्हायची आणि पहिले उघडले जायचे ते वार्षिक राशिभविष्याचे पान.

या अंकांचे जतन करणारे वाचक प्रत्येक गावात होते. कोणी एकाच नावाच्या अंकांचा सेट पूर्ण करण्याच्या मागे असे, कोणी दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसाठी जीव टाकी, तर कोणाला जी. ए. कुलकर्णींची कथा पुस्तकात येण्याआधी जशी छापली गेली तशीच हवी असे. अशा संग्राहकाच्या हाती एखादा जुना ‘आवाज’ आला की तो आधी खिडक्या तपासतो. वरचे चित्र कातरून केलेली ती कागदी झडप, जिच्याआड दुसरेच चित्र लपलेले असते, ती शाबूत राहिलेली प्रत मिळणे कठीण. घरातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी ती उघड-मीट करून फाडलेली असते. मग तो अनुक्रमणिका पाहतो. तिथे कथांच्या नावांपुढे खुणा असतात: निळ्या शाईत एक, पेन्सिलीत दुसरी, कुठे फुली. घरात तीन जणांनी वाचले, तिघांची आवड वेगळी होती आणि तिघांनीही आपले मत छापील पानावर नोंदवून ठेवले. शब्दकोडे अर्धे भरलेले असते. आतल्या कोऱ्या जागेवर शेजाऱ्याचे नाव आणि ‘वाचून परत करावा’ ही सूचना असते. हे सारे कोणत्याही पुनर्मुद्रणात येत नाही.

जाहिरातींचेही तसेच आहे. पुष्कळ घरांनी प्रेमापोटी अंक बांधून घेतले आणि बाइंडरने खंड जाड होऊ नये म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली. त्या वेळी ते शहाणपणाचे वाटले. आज ‘अफगाण स्नो’ची, कॅमल शाईची, सहकारी बँकांची, रेडिओंची ती पाने शोधत अभ्यासक फिरतात, कारण मराठी मध्यमवर्ग कशाची हौस करत होता, कशाला दबकत होता, बाईच्या हातात काय देत होता आणि पुरुषाच्या हातात काय, हे कथांपेक्षा त्या पानांवर अधिक स्वच्छ दिसते. बांधलेला खंड टिकला, पण त्यातला निम्मा काळ कापला गेला.

आपल्या उरणात या अंकांची वाट वेगळी होती. रेल्वे आली ती आत्ता, 12 जानेवारी 2024 ला. अटल सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांना मुंबई होती ती मोऱ्याच्या धक्क्यापलीकडे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत मिठाईच्या खोक्याबरोबर अंक येत आणि ते एका घरात राहत नसत. आळीत, वाडीत, पाड्यावर फिरत फिरत होळीपर्यंत वाचले जात. मग ते माळ्यावर चढत. कौलारू घराला माळा असायचा: भाताची कणगी, पावसाळ्यासाठी सुकवलेल्या मासळीचे डबे, मोडलेला पाळणा आणि या सगळ्यांच्या मागे पत्र्याच्या ट्रंकेत कागद. घर वस्तू जपत असे, कारण घरात जागा होती.

तो माळा गेला. सिडकोसाठी जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारीत जासई आणि परिसरात शेतकऱ्यांनी रक्त सांडून आपला हक्क मागितला. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मिठागरे बुजली, गावठाणांना इमारतींनी वेढले आणि कौलांच्या जागी स्लॅब आले. स्लॅबच्या घरात माळा नसतो, फार तर न्हाणीघरावरची एक फळी असते. एकेक घर पाडताना ट्रंका उघडल्या गेल्या आणि आतले कागद कोणाला नकोसे झाले. यात कोणाला दोष द्यावा? डोक्यावरचे छप्पर बदलत असताना जुन्या अंकाची फिकीर करण्याइतकी उसंत फार थोड्यांना मिळते. शिवाय आपली हवा खारी आणि दमट. अंकाच्या मधोमध मारलेल्या पिना गंजतात, त्या गंजाचा तांबूस डाग आठ-दहा पानांत उतरतो आणि मग तिथूनच पान सुटते. वृत्तपत्री कागद तर स्वतःच्याच आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होत जातो. कसर आणि वाळवी यांचे काम त्यानंतरचे.

बाजारही आता पूर्वीचा राहिलेला नाही. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर वाकून ढीग चाळायचा, विक्रेत्याच्या चेहऱ्यावर भाव वाचायचा आणि आपला आनंद लपवून घासाघीस करायची, ही एक कला होती आणि ती शिकलेली माणसे अजून आहेत. पण व्यवहार आता मोबाइलवरच्या गटांत होतो. मुखपृष्ठाचा फोटो पडतो, पहिला हात वर करणाऱ्याला अंक मिळतो. दूरच्या गावातल्या संग्राहकाची यात सोय झाली, हे खरेच. एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात आली पाहिजे. ज्यांच्याकडे हजार-दोन हजार अंक आहेत ते आता विकायला निघाले आहेत आणि घेणारे तेवढे नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतले नामांकित अंक इतके छापले आणि इतके जपले गेले की त्यांची रास आहे. आयुष्यभर जमवलेल्याची किंमत विचारायला गेलेल्या माणसाला जो आकडा ऐकावा लागतो, तो ऐकून त्याचा चेहरा उतरतो. नवा अंक मात्र 300-400 रुपयांना पडतो, म्हणून तोही घरात कमी येतो आणि उद्याचा संग्राहक आजच घडायचा थांबतो.

हे दुःख केवळ आपले नव्हे. इंग्लंडात फुटबॉल सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर एक छापील पत्रिका विकली जाते. खेळाडूंची नावे, दोन लेख, स्थानिक दुकानांच्या जाहिराती. किंमत किरकोळ, आयुष्य एका दुपारचे. ती जमवणाऱ्यांची तिथे मोठी परंपरा आहे. 1882 च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्याची, ओल्ड इटोनियन्स विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्स या लढतीची पत्रिका 2013 मध्ये लिलावात 35,250 पौंडांना गेली. महायुद्धापूर्वीच्या पत्रिका तिथे दुर्मीळ, कारण युद्धकाळात घरोघरचा कागद गोळा करून लगद्याला दिला गेला. युद्धानंतरच्या मात्र लोकांनी इतक्या जपल्या की त्यांना आज फारसे कोणी विचारत नाही. संग्राहक म्हातारे होत आहेत. 2018 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी प्रत्येक सामन्याला पत्रिका छापण्याची सक्तीच मतदानाने उठवली. खेळ तसाच रंगतो, प्रेक्षक तसेच येतात, पण हातात काही उरत नाही.

इतक्या दूरच्या या उदाहरणातून आपण उचलावे असे एक आहे. बाजार ज्याची किंमत करतो ते सुरक्षित असते. ते कोणीतरी जपणारच. ‘मनोरंजन’चा सुरुवातीचा अंक सापडला तर तो रद्दीत जाणार नाही. दलालांचे मुखपृष्ठ कोणीतरी चौकटीत लावील. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून उभे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी वडील आहे; नामवंत अंकांना तिथे आसरा आहे. बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर सर्वांसाठी खुले केले, हेही मोठे काम झाले. आपली चिंता वेगळ्या अंकांची आहे. उरण, पनवेल, अलिबाग इथल्या छोट्या साप्ताहिकांनी, मंडळांनी, शाळांनी, कामगार संघटनांनी काढलेले पातळ दिवाळी अंक, ज्यांना संग्राहक हात लावत नाही आणि रद्दीवाला वेगळा भाव देत नाही, ते जपणे हे मुंबई-पुण्याच्या कोणाचे काम नाही. ते आपले आहे.

त्या अंकांत साहित्य बेताचेच असते, हे मान्य करू. पण त्यांतली शुभेच्छांची पाने उघडावीत. कोणत्या साली कोणत्या गावचा सरपंच कोण होता, बाजारपेठेत कोणती पेढी होती, कोणते मिठागर कोणाच्या मालकीचे होते, मच्छीमारांच्या कोणत्या सोसायटीने पाव पान घेतले, ट्रक-ट्रेलरवाल्यांची नावे कोणत्या साली पहिल्यांदा दिसू लागली आणि शेतकऱ्यांची कधी दिसेनाशी झाली, हे त्या पानांवर दिवाळीगणिक नोंदलेले आहे. जमीन संपादनाचा इतिहास सरकारी दप्तरात सर्व्हे नंबरांनी लिहिलेला असतो. तो माणसांच्या नावांनी कुठे सापडत असेल तर तो इथे. 25 सप्टेंबर 1930 च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाविषयी ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्यांच्या आठवणी कोणी टिपल्या असतील, तर त्या अशाच एखाद्या अंकात दोन पानांवर, पुसट छपाईत असायच्या.

प्रकाशकाने आपल्या प्रकाशनाची प्रत चार ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी, असा 1954 चा कायदा आहे आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या चारांपैकी एक आहे. तालुक्याच्या गावात पाचशे प्रती काढणाऱ्या मंडळापर्यंत तो कायदा पोचतोच असे नाही. संगणकावर चढवावे म्हटले तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क राहतो, त्यामुळे सरसकट सगळे खुले करता येत नाही. तरीही यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली ती एकेका ग्रंथाची नोंद घेत; त्या कष्टांवर मराठी संशोधनाच्या पिढ्या उभ्या राहिल्या. आपल्या तालुक्यापुरती अशी एक यादी करणे अगदीच आवाक्यातले आहे. अंकाचे नाव, साल, संपादक, कुठे आहे, मुखपृष्ठ आहे की गेले, जाहिरातींची पाने आहेत की नाहीत, एवढे लिहिले तरी पुरे. महाविद्यालयातल्या मुलांना एका सुट्टीत हे जमेल, आणि त्यानिमित्ताने ज्या आजोबांच्या ट्रंकेकडे त्यांनी कधी पाहिले नाही तिथे ती बसतील, प्रश्न विचारतील. जमवणाऱ्याला विकत घेणाऱ्यापेक्षा ऐकून घेणाऱ्याची गरज अधिक असते, हे ज्यांच्या घरी असे एखादे वडीलधारे आहेत त्यांना ठाऊक असेल.

जपण्याची रीतही अवघड नाही. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून पांढऱ्या दोऱ्याने दोन टाके घालावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, खाली जमिनीशी ठेवू नये, वर्षातून एकदा ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात नव्हे, सावलीत वारा द्यावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांनी पिवळी पडून अक्षरेच घेऊन जाते.

आणि नवे अंकही घ्यावेत. सगळे नकोत, एक-दोनच. पण त्यांतला एक तरी आपल्या परिसरातल्या कोणी काढलेला असावा. त्यावर साल घालावे, घरातल्या प्रत्येकाने आवडलेल्या लेखापुढे खूण करावी.

पाडव्याला आपण नवी वही घालतो. तालुक्यातल्या वाचनालयांनी त्या दिवशी एक वही या यादीसाठी उघडावी आणि सुरुवात 1984 ते 1989 या वर्षांपासून करावी. कारण आंदोलनापासून बंदरापर्यंतच्या त्या सहा दिवाळ्यांत इथल्या लोकांनी काय लिहिले आणि काय छापले, हे पाहायचे तर अंक हाताशी हवेत. ज्यांच्याकडे त्या काळातला कोणताही स्थानिक अंक असेल, फाटका असो, मुखपृष्ठाविना असो, त्यांनी तो या चार दिवसांत रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा वाचनालयात दाखवून आणावा.