बिनतारी कंट्रोलर आणि दोषाचा शोध

घरी जुळविलेल्या खेळयंत्राविषयी वडीलधाऱ्यांत दोन मते आढळतात. कोणास तो वेळेचा निव्वळ अपव्यय वाटतो. कोणी म्हणतात, मुले उन्हात न भटकता घरी बसतात हेच पुष्कळ झाले. आमचे मत या दोहोंहून निराळे आहे. असे यंत्र चालते तेव्हा करमणूक करते, पण ते अडते तेव्हा शिकविते. आणि नेमके त्याच दिवशी आपण त्यास कपाटात टाकतो, किंवा ‘कंट्रोलर बिघडला, नवा आणा’ म्हणून वडिलांच्या मागे लागतो! या सवयीस आमचा विरोध आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक इंग्लंडात तयार झाला व 2012 साली विक्रीस आला. त्यात ‘रेट्रोपाय’ ही प्रणाली घातली म्हणजे तो जुन्या खेळयंत्रांची हुबेहूब नक्कल करतो. 1983 साली जपानात निघालेल्या ‘फॅमिकॉम’चे कंट्रोलर तारेने यंत्रालाच कायमचे जोडलेले असत. ती तार पायांत येई हे खरे, परंतु ती तुटली तर डोळ्यांना दिसे. 2016 सालच्या तिसऱ्या ‘पाय’मध्ये ‘ब्लूटूथ’ आतच बसविलेले आले. तार गेली, आणि तिच्याबरोबर दोषाचे दर्शनही गेले.

न दिसणारा दोष शोधावयाचा कसा? आमच्या मते पहिले काम एकच: गेलेली तार क्षणभर परत आणावी. कंट्रोलर केबलने यंत्रास जोडून पाहावा. (काही केबल केवळ चार्जिंगपुरत्याच असतात, त्यांतून संदेश जात नाही. फोन संगणकास जोडून फोटो उतरविता येतात अशी केबल घ्यावी.) केबलने सर्व बटणे नीट चालली तर कंट्रोलर निर्दोष ठरला, दोष हवेतील दुव्यात आहे किंवा विजेत आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे रान मोकळे होते, आणि तिला पैसाही लागत नाही.

विजेचा दोष पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. तिसऱ्या ‘पाय’ला 5 व्होल्टचा अडीच अँपिअरचा, चौथ्याला 3 अँपिअरचा पुरवठा लागतो. आपण मात्र घरातील एखाद्या जुन्या मोबाईलचा चार्जर त्यास लावतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्यासारखी खूण दिसली म्हणजे यंत्र उपाशी आहे असे समजावे. उपाशी यंत्राच्या कोणत्याच भागाचा भरवसा नसतो. अशा यंत्रापुढे नवा कंट्रोलर आणून ठेवला तरी तोही जुन्यासारखाच मध्येच सुटेल, मग पैसे खर्चून मिळविले काय?

आता हवेतील दुव्याविषयी. ब्लूटूथचे संदेश 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून जातात. त्या पट्ट्याचे 79 भाग करून कंट्रोलर व यंत्र सेकंदास 1600 वेळा, ठरलेल्या क्रमाने, एका भागातून दुसऱ्यात उड्या मारतात. एके ठिकाणी गर्दी असली तर पुढील क्षणी दुसऱ्या ठिकाणी वाट मिळावी, हा हेतू. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून हे नाव आले, हे इतिहासप्रिय मित्रांनी टिपून ठेवावे! परंतु याच पट्ट्यात घरातील वाय-फायही नांदते आणि मायक्रोवेव्हची भट्टीही गडबड करते. चौथ्या ‘पाय’वरील निळ्या यूएसबी खाचांत डिस्क लावली असता तिचा गोंगाटही याच पट्ट्यात उतरतो. त्यातच यंत्र हौसेने पत्र्याच्या पेटीत घातले असेल तर संदेश आत शिरणार कोठून? पेटी उघडून, डिस्क काढून, यंत्राजवळ बसून पाहावे.

जोडणीचा घोळ याहून साधा असतो. कंट्रोलर दादाच्या फोनशी एकदा जोडला गेला की तो तिकडेच धाव घेतो. फोनच्या व यंत्राच्या, दोन्हींच्या यादीतून त्याचे नाव पुसावे व जोडणी नव्याने करावी. ‘ड्युअलशॉक 4’ची ‘शेअर’ व मधली ‘पीएस’ ही बटणे दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावी लागतात. ‘एक्सबॉक्स वन’च्या 2016 पूर्वीच्या कंट्रोलरांत तर ब्लूटूथच नाही, तो जुळत नाही म्हणून दिवसभर कपाळ बडविण्यात अर्थ नाही.

कंट्रोलर ‘उशिरा’ चालतो अशी तक्रारही नेहमीची. येथेही केबल हीच साक्षीदार. केबल लावूनही उशीर तेवढाच राहिला तर चोर टीव्ही आहे; त्याचा ‘गेम मोड’ चालू करावा.

या सर्व खटाटोपात एक नियम आम्ही काटेकोरपणे पाळण्याजोगा मानतो: एका वेळी एकच बदल. चार्जर बदलला, पेटी काढली, प्रणालीही नवी घातली आणि खेळ सुरू झाला, तर दोष पळाला खरा, पण तो कोणता होता हे कळलेच नाही. पुन्हा आला तर आपण पूर्वीइतकेच अज्ञानी!

यावर कोणी म्हणतील, परीक्षेच्या दिवसांत एवढा वेळ कोणापाशी आहे? परीक्षेच्या दिवसांत यंत्र बंदच असावे, हे आमचे उत्तर. सुटीत मात्र वेळ असतो. बॅटरी वर्षानुवर्षांच्या वापराने खंगली असेल, किंवा काडी हात न लावता एका बाजूस ओढत असेल, तर ती झीज होय; तेथे नवा भाग आणण्यात कमीपणा नाही. पण हे ठरविण्यापूर्वी यंत्राशेजारी एक वही ठेवावी आणि तारीख, काय अडले, काय बदलले, काय घडले, असे चार रकाने तीत आखावेत. ज्या घरांत ‘बिघडलेले’ कंट्रोलर पडून आहेत त्यांनी या वहीचे पहिले पान त्यांच्यासाठीच राखावे, आणि पहिल्या ओळीत केबलची परीक्षा लिहावी.