आत घेतलेली ओळ

परिच्छेदाची पहिली ओळ समासापासून थोडी आत घेणे ही केवळ छपाईची सजावट आहे, असा समज अनेक विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. माझ्या मते तो सोडून द्यावा. ती कोरी जागा हेही एक लेखनचिन्हच आहे.

जुन्या पोथ्यांत व मोडी दस्तऐवजांत शब्द सलग लिहिले जात. कोठे थांबावे हे वाचणाऱ्याने जाणावे, अशी अपेक्षा असे. मुद्रित गद्यात ही जबाबदारी लेखकाकडे आली. एक विचार संपून दुसरा सुरू होत आहे, हे ती जागा न बोलता सांगते.

संगणकाच्या पायथन या भाषेत (१९९१) तर हीच जागा व्याकरणाचा भाग आहे. ‘गुण ३५ पेक्षा कमी असतील तर’ या अटीखाली दोन आज्ञा आत घेतल्या आहेत, असे समजा : ‘अनुत्तीर्ण’ अशी नोंद करा, फेरपरीक्षेची सूचना पाठवा. दुसरी आज्ञा समासाला आणली, की सूचना उत्तीर्णांनाही जाते. शब्द मात्र एकही बदललेला नसतो.

यंत्र जागेचा अर्थ काटेकोरपणे घेते. मानवी वाचक अंदाजाने सावरून घेतो आणि आपण बेफिकीर होतो. दूरशिक्षणात परीक्षकासमोर आपण नसतो, केवळ उत्तरपत्रिका असते. म्हणून ओळ आत घेण्यापूर्वी स्वतःस विचारावे : येथे मुद्दा खरोखर बदलला आहे काय? नसल्यास ती जागा सोडू नये.