हप्त्याची तारीख पाळा, पत सांभाळा



आपल्या आजा-पणजांची कर्जे सावकाराच्या वहीत लिहिली जात. त्यांना ती वही वाचता येत नव्हती, म्हणून सावकार सांगेल तो आकडा खरा. आज आपल्या कर्जाची वही संगणकात लिहिली जाते. ती वाचण्याचा हक्क आपल्याला आहे, पण ती उघडून पाहणारे फार थोडे भेटतात. म्हणून या वेळी हा विषय आम्ही घेतला आहे.

ही वही ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत. त्यांतली सिबिल ही २००० साली स्थापन झाली. २००५ च्या कायद्याने त्यांना नियम घालून दिले. बँका, फायनान्स कंपन्या, महिला गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या, सगळे आपल्या हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. ७५० च्या वर असले तर बँका सहसा चांगले मानतात. या वहीत जातीचा रकाना नाही. हप्ता किती दिवस उशिरा भरला, याचा मात्र आहे. सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांचा हिशेब महिनावार दिसतो.

मोबाईलचा हजार रुपयांचा हप्ता राहिला तर काय बिघडते, असे कोणी समजू नये. उद्या मुलीला नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला घालायचे ठरले, तर शैक्षणिक कर्जावर आई किंवा वडिलांची सही लागते आणि बँक त्यांची वही पाहते. तिथे नकार मिळाला की पाय पुन्हा सावकाराच्या दाराकडे वळतात.

तेव्हा एवढे करावे:

१) हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्यावी. आदल्या दिवशी खात्यात पैसे असावेत.

२) काम सुटले, आजारपण आले, तर हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

३) तडजोडीने कमी रक्कम भरली की 'सेटल्ड' अशी नोंद पडते. ती पुरी फेड मानली जात नाही. पुरी फेड झाल्यावर 'नो ड्यूज' दाखला घ्यावा.

४) नात्यातल्या माणसाला जामीन राहताना विचार करावा. त्याची थकबाकी आपल्याही नावावर येते.

५) प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे.

पैसे घेऊन गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यांना थारा देऊ नका. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. ज्यांचे हप्ते चुकले आहेत त्यांनीही खचून जाऊ नये. थकबाकी भरून पुढचे हप्ते वेळेवर दिले तर पत हळूहळू सावरते.

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करून चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायला सांगितले. आपल्या तुटपुंज्या पगारात चौथा भाग जमणार नाही. पण निदान एका हप्त्याची रक्कम तरी बाजूला ठेवू या. सावकाराच्या वहीतून बाहेर पडायला आपल्या दोन पिढ्या खपल्या. तिसरीला पुन्हा त्या वहीत लोटू नका.