दोन लेन्स फ्री, अंधार तुमचा

दिवाळीच्या तोंडावर कॅमेऱ्याच्या दुकानांवर जे फलक लागतात, ते एकदा नीट बघा. ‘बॉडीबरोबर दोन लेन्स, बॅग, कार्ड, ट्रायपॉड फ्री. बिनव्याजी हप्ते.’ मागे चित्र असतं एखाद्या किल्ल्यावर कमान धरून उभ्या असलेल्या आकाशगंगेचं. त्या खोक्यातली एकही वस्तू ते चित्र काढायला वापरलेली नसते. तरी लोक तोच खोका छातीशी धरून घरी नेतात आणि पहिल्या रात्री गच्चीवरून चार काळे, दाणेदार, हललेले फोटो काढून मला विचारतात, ‘‘सर, आता याहून चांगली बॉडी कुठली घेऊ?’’

कुठलीच नाही. आधी त्या फुकटच्या ‘किट’ लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा. पुढच्या काचेभोवतीच्या कडेवर बारीक अक्षरांत असतं: १८-५५ एमएम, १:३.५-५.६. पन्नास-साठ हजार मोजणाऱ्या माणसाला या ओळीचा अर्थ दुकानात कोणी सांगत नाही, कारण सांगितला तर रात्रीच्या फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक उठून जाईल. अर्थ असा की १८ वर ही लेन्स फार तर एफ/३.५ पर्यंत उघडते आणि झूम करत ५५ वर गेलात की एफ/५.६ वर येऊन मिटते. आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि हिशेब वर्गाचा. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ/३.५ च्या पावणेचार पट प्रकाश आत घेते, एफ/५.६ च्या साडेनऊ पट. राहिली दुसरी ‘फ्री’ लेन्स, ७०-३०० वाली. ती रात्री एका चंद्राच्या कामाची, कारण चंद्रावर ऊन पडलेलं असतं आणि त्याचा फोटो दिवसाच्याच सेटिंगवर निघतो.

पण गिऱ्हाईक लेन्सबद्दल विचारतच नाही. ते मेगापिक्सेल विचारतं आणि अलीकडे शहाणं झालंय म्हणून आयएसओ विचारतं. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. निकॉनने २०१६ साली डी५ आणला, तेव्हा त्याची वाढीव आयएसओ मर्यादा ३२,८०,००० अशी जाहीर केली. कॅमेरा उत्तम होता, पण त्या आकड्यावर काढलेला फोटो पाहिला तर माणूस आहे की झाड यावर पैज लावता येईल. आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही. ट्रान्झिस्टरचा आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तेवढंच होतं. प्रकाश वाढवायला तीनच वाटा आहेत: भोक मोठं करा, शटर जास्त वेळ उघडं ठेवा, नाहीतर समोर दिवा लावा.

मग येतात फुल फ्रेमचे भाविक. सेन्सर मोठा, म्हणून रात्र आपली, अशी त्यांची श्रद्धा. सेन्सर मोठा असतो, खोटं नाही. ३६ गुणिले २४ मिलिमीटर. निकॉन-सोनीचा लहान, एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळाचा भागाकार केला तर फरक २.४ पटही भरत नाही, आणि त्यासाठी नवी बॉडी घ्यायची म्हणजे लाखाच्या घरातली बात. पावणेचार पट मिळवून देणारी एफ/१.८ ची लेन्स वीस हजारांच्या आत येते. हा हिशेब चौथीतल्या पोराला जमतो, पण हप्त्यावर बॉडी घेणाऱ्या इंजिनिअरला जमत नाही. वर तो लाखाच्या बॉडीला पुन्हा एफ/४ ची झूम लावतो, ‘ऑल राउंडर’ म्हणून.

आणि ‘रात्रीचे फोटो’ म्हणजे नेमके कशाचे? हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक ही रात्र वेगळी आणि हरिश्चंद्रगडावरची रात्र वेगळी. मिरवणुकीत माणसं हलतात. शटर सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागाच्या खाली आणलं की ढोलाचं टिपरू धुकं होतं. तिथे ट्रायपॉड उभा केलात तर कार्यकर्ते तो तुमच्यासकट उचलून बाजूला ठेवतील. आणि ज्या स्टॅबिलायझेशनसाठी जास्तीचे पैसे मोजलेत, ते तुमचा हात स्थिर करतं, ढोलवाल्याचा नाही. तिथे ३५ एमएम एफ/१.८ लावा, गर्दीत घुसा आणि फोटो थोडा दाणेदार आला तर येऊ द्या.

आकाशाचं गणित याच्या उलट. तिथे वेळ भरपूर आहे असं वाटतं, पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि तारे रेघा होऊन पसरतात. म्हणून जुना ठोकताळा: ५०० ला फोकल लेंग्थने भागा, तितके सेकंद. २४ एमएमला वीस-एकवीस, १४ एमएमला पस्तीस. एपीएस-सी असेल तर फोकल लेंग्थला आधी दीडने गुणा. हल्लीच्या बारीक पिक्सेलांना हाही ठोकताळा सैल पडतो, तेव्हा त्यातला तिसरा हिस्सा कमीच करा. याच गणितामुळे सॅमयांगची १४ एमएम एफ/२.८ ही हाताने फोकस करायची लेन्स तारे टिपणाऱ्यांत इतकी वर्षं चालते आहे. तिच्यात ऑटोफोकस नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सांगावं, काळोखात त्यांचा ऑटोफोकस काय करतो. पुढे-मागे कुरकुरतो आणि हात टेकतो. फोकस हातानेच करायचा असतो: मागच्या पडद्यावर एखादा ठळक तारा, हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती, दहापट मोठा करून तो सर्वांत बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबलात तर घरी येऊन रडाल.

यापुढची पायरी २४ एमएम एफ/१.४ ची. ती महाग का, याचं उत्तरही दुकानात मिळत नाही. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा, म्हणजे भोकाचा खरा व्यास येतो. १४ एमएम एफ/२.८ ला तो ५ मिलिमीटर, २४ एमएम एफ/१.४ ला १७. शटर कमी वेळ उघडं ठेवावं लागतं हे धरूनही आकाशाच्या त्याच तुकड्यातून दुसरी लेन्स जवळपास सातपट प्रकाश गोळा करते. मात्र १.४ आहे म्हणून १.४ वरच उघडाल तर फोटोच्या कोपऱ्यांत ताऱ्यांना पंख फुटतात. याला कोमा म्हणतात आणि बऱ्याच नामांकित लेन्समध्ये तो असतो. दोन वर आणा, निवळेल. परीक्षणं वाचायचीच असतील तर मधला भाग किती धारदार यावर वेळ घालवू नका, कोपऱ्यातले तारे दाखवलेत का ते बघा. दाखवले नसतील तर लिहिणारा रात्री झोपला होता.

आता त्या फलकावरच्या आकाशगंगेकडे वळू, कारण खरी फसवणूक तिथे आहे. पवना धरणाकाठच्या तंबूवाल्यांच्या डिसेंबरच्या जाहिराती पाहा. तंबूवर आकाशगंगेचा भरघोस, उजळ मध्यभाग. तो मध्यभाग धनू राशीत आहे आणि डिसेंबरच्या मध्यानंतर सूर्यच तिथे असतो. म्हणजे तो दिवसा आकाशात असतो आणि सूर्याबरोबर मावळतो. महाराष्ट्रातून तो मार्चमध्ये रात्री दीड-दोनच्या सुमाराला आग्नेयेला उगवतो, मेमध्ये दहाच्या आसपास, आणि जूनपासून ढग. दक्षिणेला तो क्षितिजावर सुमारे ४२ अंश चढतो, लंडनवाल्यांना दहाही मिळत नाहीत. इतकं दान पदरात असताना आमचे लोक उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या दरवाजावर तो चिकटवतात आणि खाली हजार बदाम मिळवतात. बदाम देणाऱ्यांना ध्रुवतारा कुठे असतो हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मग ही नक्कल बघून कोणीतरी कॅमेरा घेतो, तसा फोटो येत नाही आणि दोष कॅमेऱ्याला.

काजव्यांचं तेच. भंडारदऱ्याच्या झाडावर लाखो ठिपके दिसतात तो फोटो एका क्लिकचा नसतो. ट्रायपॉड न हलवता एकामागून एक काढलेल्या अनेक फोटोंची ती चळत असते. त्यात गैर काही नाही, पण खाली तसं लिहा ना. न लिहिल्यामुळे मे संपता संपता गाड्या भरून माणसं येतात, झाड मोबाइलमध्ये तसं दिसत नाही म्हणून टॉर्च मारतात, फ्लॅश उडवतात. काजवा मादीला उजेडाने हाका मारत असतो. त्याच्या तोंडावर फ्लॅश मारणाऱ्याला कुठली लेन्स घ्यावी असा सल्ला मी देत नाही.

ट्रायपॉडबद्दल थोडक्यात. खोक्यातला फुकटचा ट्रायपॉड पूर्ण उघडा, मधली दांडी वर करा, कॅमेरा लावा आणि डोक्यावर टिचकी मारा. ते थरथरणं थांबेपर्यंत मोजा. सह्याद्रीच्या कड्यावर वारा अशा टिचक्या रात्रभर मारत असतो. त्यापेक्षा दगडावर टेकवलेला मोबाइल बरा. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये सोळा-सोळा सेकंदांचे पंधरा फोटो एकत्र करणारी सोय दिली, तेव्हापासून हातात धरलेल्या किट लेन्सपेक्षा टेकवलेला फोन तारे चांगले काढतो. डीएसएलआर गळ्यात घालून मिरवणाऱ्यांना हे झोंबतं, झोंबू दे.

आणि कुठलीही लेन्स शहराचा उजेड गिळत नाही. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात तो अडवणारे फिल्टर थोडे तरी चालायचे. पांढऱ्या एलईडीपुढे त्यांचं फारसं चालत नाही, विकले मात्र अजून जातात. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथवर जायचं भाडं कुठल्याही बऱ्या लेन्सपेक्षा कमी आहे.

पैसे नसतील तर जुनं घ्या. कॅननचा ६डी २०१२ चा, निकॉनचा डी७५० २०१४ चा. दोन्ही फुल फ्रेम आहेत, दोन्ही रात्री आजही मान खाली घालायला लावत नाहीत. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फिरा, शटर किती वेळा उडालंय ते विचारा. जुनी लेन्स घेताना मात्र विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू नका. भोक पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात ती भराभर वाढते आणि दिव्यांच्या फोटोंवर धूसर झाक आणते. ‘‘फोटोत येत नाही हो,’’ असं दुकानदार म्हणेल. रात्रीच्या फोटोत येते. लेन्स त्याच्या हातात परत द्या.

नवी घेणार असाल तर आधी एका शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत मिळते. अमावास्येच्या जवळची रात्र धरा आणि आपल्याच जुन्या बॉडीला लावून काढा. बहुतेकांना त्यानंतर नवी बॉडी लागत नाही. ज्यांना त्यानंतरही लागते त्यांनी खुशाल घ्यावी, पण दुकानात ‘फक्त बॉडी’ म्हणून सांगावं, आणि किट लेन्सचे वजा झालेले पैसे मोजून घ्यावेत.