विश्लेषण : चक्रीवादळानंतर माकडांची भांडणे कमी का झाली?

नैसर्गिक आपत्तीनंतर अन्न, पाणी, निवारा कमी पडतो आणि त्यासाठीची झटापट वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. कॅरेबियन समुद्रातील एका छोट्या बेटावरील माकडांनी मात्र याच्या उलट वागून शास्त्रज्ञांना चकित केले. कॅमिल टेस्टार्ड, ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या लॉरेन ब्रेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संशोधन वाढत्या उष्णतेच्या काळात महत्त्वाचे ठरते.

हे बेट कोणते? त्याचा भारताशी संबंध काय?

कायो सांतियागो हे प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळचे जेमतेम १५ हेक्टरचे बेट. क्लॅरन्स कार्पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये भारतातून ४०९ ऱ्हिसस माकडे आणून येथे सोडली. आज बेटावर असलेली सर्व माकडे त्यांचीच वंशज आहेत. त्यांना रोज खाद्य आणि पाणी दिले जाते. प्रत्येक माकडाची ओळख, त्याची आई, त्याचा कळप आणि जन्म-मृत्यू यांची नोंद अनेक दशके ठेवली गेली आहे. त्यामुळे एखाद्या घटनेच्या आधी आणि नंतर तेच माकड कसे वागले, याची तुलना करता येते. अशी संधी जंगलात क्वचितच मिळते.

२०१७ मध्ये काय घडले?

२० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर धडकले. बेटावरील सुमारे ६३ टक्के हिरवळ नष्ट झाली. बहुतेक माकडे वाचली, पण झाडे गेली आणि झाडांबरोबर सावलीही गेली. उघड्यावरील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले. खाद्य माणसे पुरवत असल्याने खरा तुटवडा सावलीचाच होता.

माकडांचे वागणे कसे बदलले?

ऱ्हिसस माकडे भांडखोर आणि कडक उतरंड पाळणारी म्हणून ओळखली जातात. वरच्या दर्जाचे माकड खालच्याला सहज हुसकावून लावते. त्यामुळे उरल्यासुरल्या सावलीसाठी मारामाऱ्या होतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माकडे एकमेकांना अधिक सहन करू लागली. २०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यांनी जुन्या जवळच्यांना घट्ट धरण्याऐवजी नवी नाती जोडली. वादळापूर्वी एकलकोंडी असलेली माकडे यात पुढे होती.

२०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात वादळाच्या आधीची आणि नंतरची मिळून दहा वर्षांची निरीक्षणे तपासली गेली. भांडणे कमी झाली होती आणि हा बदल कित्येक वर्षे टिकला होता. तो केवळ भर दुपारी सावलीत दाटीवाटीने बसण्यापुरता नव्हता, तर इतर वेळीही दिसत होता.

याचा जगण्याशी काय संबंध?

या संशोधनाचा गाभा इथेच आहे. वादळापूर्वी, शेजारी कोणाला बसू देणे आणि जास्त जगणे यांत ठळक संबंध दिसत नव्हता. वादळानंतर मात्र ज्यांना जास्त सोबती सहन करत होते, त्यांची जगण्याची शक्यता वाढली. म्हणजे माकडे बदलली एवढेच नाही, तर कोणते वागणे फायद्याचे हे ठरवणारे गणितच पर्यावरणाने बदलले. भांडून सावली मिळवणे उन्हात महाग पडते, कारण भांडणाने शरीर आणखी तापते. त्यापेक्षा वाटून घेणे परवडते.

मग आपत्ती चांगली म्हणायची का?

मुळीच नाही. याच बेटावरील २०२२ च्या एका अभ्यासात, वादळ अनुभवलेल्या माकडांची रोगप्रतिकारक यंत्रणा सरासरी दोन वर्षांनी अधिक वृद्ध झाल्याचे दिसले. माकडांचे आयुष्य पाहता हे माणसाच्या सात-आठ वर्षांइतके आहे. शिवाय अधिक जवळीक म्हणजे संसर्ग पसरण्याचा धोकाही अधिक.

निष्कर्षाला मर्यादाही आहेत. या माकडांना अन्नासाठी झगडावे लागत नव्हते आणि बेट सोडून जाण्याचा पर्याय नव्हता. सावली अनेकांना वाटून घेता येते. मूठभर धान्य तसे वाटता येत नाही. तुटवडा अन्नाचा असता तर चित्र वेगळे दिसले असते का, हा प्रश्न खुला आहे. त्यामुळे ‘संकटात सगळे एकत्र येतात’ असा सरसकट नियम यातून काढणे घाईचे ठरेल.

आपल्यासाठी यात काय?

कोकणात शेतकऱ्यांना त्रास देणारे लाल तोंडाचे माकड ही जात वेगळी असली, तरी ऱ्हिससचीच जवळची नातलग आहे. माकडांचे वागणे ठरीव साच्याचे नसते. अधिवास बदलला की तेही बदलते, कधी काही वर्षांतच. जंगलतोड, फळबागा, रस्त्याकडेला मिळणारे खाद्य अशा बदलांना माकडे कसा प्रतिसाद देतात हे कळायचे, तर त्यांची केवळ संख्या मोजून भागणार नाही. कळपातील नाती वर्षानुवर्षे नोंदवावी लागतील. कायो सांतियागोवर वादळापूर्वीच्या नोंदी नसत्या, तर वादळाने काय बदलले हे कोणालाच सांगता आले नसते.