तलाठी भरतीत इंग्रजीचे 50 गुण. वऱ्हाडातली पोरं नेमकी अडतात कुठं?

अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरांचा हिशेब साधा आहे. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही. मराठी व्याकरण, अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि सामान्यज्ञान एवढ्यावर भागतं. तलाठी किंवा वनरक्षक व्हायचं असेल तर मात्र इंग्रजी टाळता येत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 50 गुण इंग्रजीचे होते, वनरक्षकच्या परीक्षेत 60 पैकी 15 प्रश्न. दोन्हीकडे चौथा हिस्सा. तलाठ्याच्या 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत तीन-चार प्रश्न इकडचे तिकडे झाले की नाव यादीबाहेर जातं.

राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज तिशी ओलांडून गेलं आहे. तरी 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी, 46.7 टक्के मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. 2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर राज्यभर रान पेटलं, 29 जूनला सरकारनं दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. पंचवीस वर्षं शिकवल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेचं काय झालं, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

परीक्षेत पोरं अवघड इंग्रजीत अडतात असा समज आहे. खरं तर ती अडतात बारक्या जागी, आणि त्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. मराठीतलं 'पासून' घ्या. 'तीन वर्षांपासून' आणि '2021 पासून' दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत मात्र कालावधीला 'फॉर' लागतो आणि सुरुवातीच्या वेळेला 'सिन्स'. त्यामुळे 'सिन्स थ्री इयर्स' हा पर्याय बरोबर वाटतो आणि गुण जातो. वऱ्हाडीत 'अकोल्याले जातो' आणि 'अकोल्याले राहतो' दोन्हीला 'ले' चालतो. इंग्रजीत पहिल्याला 'टू', दुसऱ्याला 'इन'. 'तिच्याशी लग्न झालं' यातल्या 'शी'नं पोरं 'मॅरिड विथ'कडे जातात, उत्तर असतं 'मॅरिड टू'. 'अ' आणि 'द' तर मराठीत नाहीतच, म्हणून ते गाळले तरी कानाला काही खटकत नाही.

आणखी एक खास वऱ्हाडी गोष्ट आहे. 'करून रायलो', 'जाऊन रायला' असं चालू काळाचं वेगळं रूप आपल्या बोलीत पक्कं आहे. चालू काळ समजायला ते कामाचंच. पण आपण 'मले समजून रायलं', 'मले दिसून रायलं' असंही म्हणतो. ते तसंच इंग्रजीत नेलं की 'आय ॲम अंडरस्टँडिंग' होतं. तिथं 'आय अंडरस्टँड' एवढंच हवं असतं.

विरामचिन्हांचंही तसंच. मराठीत ती इंग्रजीवरून आली, श्रेय मेजर कँडीला दिलं जातं, हे स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असतं. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह म्हणूनच जड जात नाही. अक्षराच्या डोक्यावरचा इंग्रजी स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, मात्र मराठीत रुजलीच नाही. आपलं काम 'चा-ची-चे' करतात. गाईडांमध्ये उच्चार देवनागरीत दिलेला असतो आणि देवनागरीत दोन्ही 'इट्स' सारखेच दिसतात. एकाचा अर्थ 'ते आहे', दुसऱ्याचा 'त्याचं'. ही चिन्हाची खूण पहिल्यावर असते, दुसऱ्यावर नसते. आपला मालकीदर्शक खुणेचा अंदाज इथं उलटा पडतो. 'स्टेशनरी'चेही दोन स्पेलिंग आहेत. शेवटून तिसरं अक्षर 'ई' असेल तर वही-पेन, 'ए' असेल तर जागचं न हलणारं. कानानं पाठ करणाऱ्याला हा फरक कळायचा कसा?

मेळघाटात पेच आणखी वाढतो. धारणी-चिखलदऱ्यातल्या अनेक पोरांच्या घरात कोरकू बोलली जाते. ही भाषा मुंडा गटातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्या पोरानं आधी मराठी शिकायची आणि मग इंग्रजीचा नियम मराठीतून समजून घ्यायचा. वनरक्षक म्हणून जंगल ओळखणारं पोर हवं असेल, तर 15 प्रश्नांची ही चाळणी त्यालाच जास्त जाचते. कोरकूतून समजावणाऱ्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तिकेची गरज तिथं गाईडांच्या ढिगापेक्षा मोठी आहे.

गावातल्या अभ्यासिकेला आजही एक गोष्ट फुकटात करता येते. ऑनलाइन परीक्षेनंतर उमेदवाराला स्वतःची उत्तरं पाहायला मिळतात. त्यातले इंग्रजीचे चुकलेले प्रश्न वहीत हातानं उतरवायचे, देवनागरीत नाही तर इंग्रजी अक्षरांत, आणि पुढं कारण लिहायचं: 'पासून', 'ले', 'रायलो', स्पेलिंग. शंभरेक प्रश्न झाले की कोणतं कारण वारंवार येतं ते दिसतं. पुढचे पंधरा दिवस तेवढ्याच कारणावर रोज दहा वाक्यं लिहायची आणि शेजारच्याकडून तपासून घ्यायची.