खोकला, खात्री आणि विवेक

‘घरात एकटे असताना छातीत कळ आली, तर जोरजोराने खोकत राहा’ हा संदेश आपणांपैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर येऊन गेला असेल. आयुष्यभर गणित शिकविलेल्या माझ्या एका वृद्ध रुग्णाने तो प्रमाण मानला आणि शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी बहुमोल अर्धा तास खोकण्यात घालविला. ते वाचले, पण हृदयाच्या स्नायूला झालेली इजा कायमची राहिली.

तर्क शिकविणाऱ्यालाही असत्य ओळखता येऊ नये का? माझ्या मते बुद्धी कमी पडत नाही, ती उशिरा जागी होते. या संदेशात सत्याचा अंश आहे. अँजिओग्राफी चालू असताना हृदयाची लय अचानक बिघडलेल्या रुग्णांना खोकायला सांगितले असता त्यांची शुद्ध काही सेकंद टिकली, अशी नोंद १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण तेथे डॉक्टर समोर होते आणि विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते. घरच्या खुर्चीत यांपैकी काहीच नसते. शिवाय खोकल्याने रक्तवाहिनीतील गुठळी विरघळत नाही. संदर्भ गळून पडला आणि अर्धसत्य उरले.

त्यात पुनरावृत्तीची भर पडते. तेच विधान वारंवार कानी पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ मध्ये अमेरिकेतील प्रयोगात दिसून आले. त्यात सहभागी झालेले महाविद्यालयीन विद्यार्थी होते; तेव्हा हा दोष वार्धक्याचा नव्हे.

म्हणून कोणताही सल्ला पुढे धाडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? कोणत्या रुग्णासाठी सांगितले? आणि हे चुकीचे निघाले, तर माझे काय जाईल? तिसऱ्या प्रश्नाला वैद्यकीय ज्ञान लागत नाही, आणि तोच बहुतेक वेळा वाचवितो.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. घरातील ज्येष्ठांनी असा संदेश दाखविला तर हसू नका. हसण्याने माणूस विचार बदलत नाही, फक्त दाखविणे थांबवितो. शेजारी बसून तो सोबत वाचा.

आणि छातीत दडपण, घाम, दम यांपैकी काही जाणवले, तर खोकत बसू नका, १०८ फिरवा.